माझ्या मुलीची बंगाली

मुलगी साडेचार वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. ठाण्याच्या डॉक्टरांनी कागदावर स्वमग्नता असं लिहून दिलं, आणि त्यानंतर काही महिन्यांतच नवऱ्याला कंपनीने कोलकात्याच्या ऑफिसात पाठवलं. ऑफिस न्यू टाउनला होतं, पण घर आम्ही डमडमला घेतलं. अशा मुलांना बोलायला शिकवणारं एक केंद्र तिथून चालत दहा मिनिटांवर होतं.

केंद्रातल्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्या गाण्यांतून शिकवायच्या. एकेका गरजेसाठी दोन ओळींचं गाणं आणि त्याचा मिनिटभराचा व्हिडिओ. पाण्याच्या व्हिडिओत फक्त पेला, पाणी ओतणारे हात आणि पिणारं तोंड. तोच व्हिडिओ घरी पुन्हा पुन्हा दाखवायचा, आणि शेवटचा शब्द येण्याआधी थांबवायचा. तो शब्द मुलाने म्हणायचा.

"माझी सगळी गाणी बंगालीत आहेत," पहिल्याच दिवशी त्यांनी मला हिंदीत सांगितलं. "तुम्ही मराठी अजिबात सोडू नका. पण मराठी गाणी मला येत नाहीत. ती तुम्हालाच करावी लागतील."

मी केली. स्वयंपाकघराच्या खिडकीत डब्याला टेकवून फोन उभा करायचे आणि स्वतःच लावलेल्या चालीवर गायचे. पाण्याचं, भाताचं, झोक्याचं, बुटांचं. मुलगी ते व्हिडिओ बघायची, बघताना हात फडफडवायची, आणि शेवटच्या शब्दाशी मी थांबवलं की उठून गॅलरीत जायची. तीन महिने असंच चाललं.

मग एका सकाळी केंद्रात बाईंनी त्यांचा पाण्याचा व्हिडिओ थांबवला आणि ती म्हणाली, "जॉल."

हा शब्द आहे, हेच मला आधी कळलं नाही. बाईंनी भरलेला पेला तिच्या हातात दिला. ती प्यायली. मग बाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंत?"

मी मान हलवली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आल्यावर बाईंना म्हणाले, आनंदाने रडू आलं. ते निम्मंच खरं होतं.

त्या संध्याकाळी नवरा मिठाईचा डबा घेऊन आला. मी आईला फोन केला, तेव्हा तीही हरखली. मग जरा थांबून म्हणाली, "पण मग तुला हाक काय मारणार गं ती?"

वर्षभराने ती मला 'मा' म्हणायला लागली. बाबा मात्र दोन्ही भाषांत बाबाच.

त्या 'जॉल'नंतर मी मराठी व्हिडिओ करणं सोडलं. बाई सोडू नका म्हणत होत्या, पण माझ्यातच जोर उरला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून बंगाली वाक्यं देवनागरीत लिहून आणायचे, पाठ करायचे आणि गायचे. माझा उच्चार चुकला की मुलगी तळहाताने माझं तोंड दाबायची. मिक्सरचा आवाज नको झाला की ती मिक्सरवर हात ठेवायची, तसंच. मी गप्प व्हायचे, काकूंकडे जाऊन पुन्हा शिकून यायचे. हळूहळू घरातलं मराठी फक्त नवऱ्यात आणि माझ्यात उरलं, तेही हलक्या आवाजात.

ती सहा वर्षांची असताना कंपनीने इथलं ऑफिस बंद केलं. नवऱ्याला पुण्याला बोलावलं होतं.

"पुण्यातही केंद्रं आहेत," तो म्हणाला. "तिथे मराठीतून शिकवतील. आपली भाषा आहे."

"आपली आहे. पण मुलगी बंगालीत बोलते."

"लहान आहे अजून. शिकेल."

"हे एवढं यायला दीड वर्ष लागलं. ते गेलं तर?"

त्याने दोन महिने इथेच दुसरी नोकरी शोधली. मिळाली नाही. मग तो एकटा गेला.

रोज संध्याकाळी तो व्हिडिओ कॉल करायचा. दोघं मिळून गाणी म्हणायचे, तो शेवटचा शब्द गाळायचा, ती भरायची. तिचे सगळ्यांत चांगले शब्द त्या अर्ध्या तासात निघायचे. चार महिन्यांनी तो सुट्टीवर आला. भर दुपारी दारात उभा राहून त्याने तिला हाक मारली. ती त्याच्याकडे न बघता आत गेली, माझा फोन घेऊन आली, तो त्याच्या हातात दिला आणि चालीवर म्हणाली, "बाबा कोथाय?"

बाबा कुठे आहे, असं ती बाबालाच विचारत होती.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बूटही न काढता आतल्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि तिथून माझ्या फोनवर कॉल केला. पडद्यावर तो दिसताच ती खुदकन हसली आणि गायला लागली. भिंतीपलीकडून त्याचा खरा आवाज येत होता, फोनमधून जरा मागून येत होता. तो बाहेर आला. मी त्याला जेवायला वाढलं.

बाई म्हणाल्या, हे होतं, यावरही काम करता येतं. फोन समोर ठेवून त्याने तिच्या शेजारी बसायचं, रोज फोन थोडा लांब न्यायचा. त्याने पाच दिवस तसंच केलं. सहाव्या दिवशी तिने त्याचं बोट धरलं आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर ठेवलं. शब्द नाही, सूर नाही. त्याने झाकण उघडून दिलं.

"बोलली नाही," तो मला म्हणाला, "पण माझ्याकडे मागितलं."

सातव्या दिवशी त्याचं विमान होतं. ती दारापर्यंत आली नाही. पुढच्या खेपेला तो पाच महिन्यांनी आला, आणि आम्हाला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागली.