खिडकीला लावलेली पोस्टरं

माझ्या धाकट्या भावाचं अकोल्यात कॅसेटचं दुकान होतं. खपायची कव्वाली आणि भीमगीतं. याचा जीव मात्र परदेशातल्या चार झिपऱ्या रॉकवाल्यांवर. त्यांचा बँड कधीच मोडला होता, तरी कंपनी तीच निवडक गाणी पुन्हा पुन्हा नव्या कॅसेटीत भरून पाठवायची, आणि सोबत जाहिरातीचं मोठं रंगीत पोस्टर. कॅसेटी धूळ खात पडायच्या. पोस्टरं हा दुकानात लावायचाच नाही, माश्या बसतात म्हणून घरी न्यायचा.

दुकान बंद झालं तेव्हा सगळ्या पोस्टरांची गुंडाळी त्यानं अमरावतीला माझ्याकडे आणून दिली.

"बाई, यायले ऊन दाखवू नको."

"हो रे बापा," म्हटलं आणि कपाटावर टाकली.

मागच्या मे महिन्यात कूलरनंही हात टेकले. आमच्याकडे उन्हाळ्यात काचांना कागद चिकटवतातच. जाड कागद शोधताना ती गुंडाळी हाती आली. कणकेची खळ शिजवली आणि सगळी पोस्टरं लावून टाकली. वर शहाणपणा असा, की ते झिपरे घरात डोळ्यांसमोर नकोत म्हणून चित्रं बाहेर, उन्हाकडे. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय! उन्हाळा गेला तरी काढायचा आळस केला.

दिवाळीनंतर भावाला लकवा मारला. वाचा गेली, माणूस ओळखेना. एकटा जीव, मी त्याला घरी आणलं. रोज भरवायची मी, आणि तो माझ्याकडे परक्या बाईसारखं पाहायचा. डॉक्टर म्हणाले, आवडीच्या जुन्या वस्तू दाखवा, काही आठवलं तर आठवेल. मला एकच वस्तू आठवली, आणि ती खिडकीला चिकटलेली होती.

ओल्या फडक्यानं भिजवून भिजवून पोस्टरं सोडवली. बाकीची फाटली, एक धड निघालं. पांढरं फटक. फक्त चौकटीआड राहिलेल्या कोपऱ्यात गिटार धरलेली दोन बोटं शिल्लक होती.

तेच त्याच्या मांडीवर ठेवलं. त्या बोटांवरून त्यानं हात फिरवला. कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मग चांगला हात उचलून खिडकीतल्या उन्हाकडे दाखवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ओळखून पाहिलं. तीन महिने त्या एका नजरेसाठी मी देव पाण्यात ठेवले होते, आणि मी खाली पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी भरवायला बसले तर तो पुन्हा परक्या बाईकडे पाहत होता. तेच पोस्टर पुन्हा मांडीवर ठेवलं, तर त्यानं हातही लावला नाही. आता दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.