ग्लिसरीनमधली काच

माझा धाकटा भाऊ तीस वर्षं औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत खोकल्याचं औषध कालवतो. इतका भित्रा की स्वतःच्या सावलीला दचकेल. मी चिडवायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो रे!" पण कामात पक्का. प्रत्येक बाटली खिडकीशी उजेडात धरून बघितल्याशिवाय बूच लावायचा नाही. त्या नजरेचा भारी ताठा! "गाळायचं कशाला, ताई? मला कण न् कण दिसतो."

अकरा दिवसांपूर्वी दुपारी तो धापा टाकत माझ्या दारात आला. तोंडाचा रंग उडालेला.

"ताई, सकाळी दिलेलं औषध घेतलंस?"

"दोन चमचे घेतलं. का रे, विष घातलंस की काय?"

एरवी हसला असता. आज मटकन खुर्चीत बसला. औषध ढवळायची काचेची कांडी धुताना तिचं टोक उडालेलं त्याला दिसलं होतं. त्या घाण्यातल्या सात बाटल्या दुकानातच होत्या, त्या त्याने पाण्यात ओतून तपासल्या. काही मिळालं नाही. आठवी माझ्याकडे.

मी बाटली उजेडात धरली. "स्वच्छ आहे की! उगाच जीव खातोस माझा."

"स्वच्छच दिसणार गं. जवळजवळ सगळं ग्लिसरीन आहे ते. पाण्यातून काचेत शिरताना उजेड वळतो, म्हणून काच दिसते. ग्लिसरीनमधून तो न वळता तसाच सरळ जातो. मग काच दिसणार कशी? मला हे ठाऊक होतं, ताई! आणि तरी मी नुसतं बघून बूच लावलं."

घसा तर खोकल्याने आधीच दुखत होता. आता त्यातलं दुखणं कुठलं आणि काच कुठली, कसं कळावं? मी थुंकीसुद्धा गिळेना.

त्याने बाटली पांढऱ्या वाडग्यात उपडी केली, वर तांब्याभर पाणी ओतलं. दोन्ही मिसळताना आत वेड्यावाकड्या रेघा हलायला लागल्या. चमच्याने ढवळत राहिला. रेघा विरल्या आणि तळाशी काहीतरी चमकलं. करंगळीच्या नखाएवढा तुकडा.

"सापडला!" तो ढसाढसा रडायला लागला. खिशातून कांडी काढून माझ्यापुढे धरली. "तूच जोडून बघ गं."

मी जोडला. बसला. फक्त एका कडेला तिळाएवढी जागा रिकामी राहिली. मी बोटाने वाडग्याचा तळ चाचपला, पुन्हा चाचपला. काही लागलं नाही.

"बसला ना, ताई?"

जन्मभर मी त्याला टोमणेच मारले. त्या क्षणी मात्र त्याचा चेहरा बघून खरं सांगायला जीभ वळेना. "बसला रे बाबा," म्हटलं, "अगदी पुरता बसला. जा आता, तोंड धू."

हल्ली तो गाळल्याशिवाय थेंबही भरत नाही. मी प्रत्येक घास गिळण्याआधी थांबते. तो समोर असला की थांबत नाही.