क्लचमधलं लाटणं

"अहो गुलाबराव, उठा! पॅसेंजर सुटायची वेळ झाली! का आता रुळावरून न्यायची माझी मोटार?" गॅरेजच्या दारातून मी ओरडत होतो. अकोल्याचं ऊन डोक्यावर आलेलं, आणि माझ्या उघड्या दोन-सीटी मोटारीतून गुलाबराव मिस्त्रींचे फक्त दोन पाय वर दिसत होते. ती विलायती मोटारच तशी. तिचा गिअरबॉक्स खालून निघत नसे. सीटा काढायच्या, मधलं झाकण काढायचं आणि विहिरीत वाकावं तसं डोकं आत घालायचं. त्यामुळे गुलाबरावांच्या पायांशीच बोलायची मला सवय. शिवाय हात कामात असला की हा माणूस ब्रह्मदेवालाही उत्तर देत नसे. "पाय तर असे पसरलेत, जसे सासुरवाडीले आले!" मी म्हटलं. पाय हलले नाहीत. आणखी दोन-तीन टोमणे हाणले, चांगले हाणले, माझा मीच हसलो... तेवढ्यात त्यांचा भागीदार रहीमभाई चहाची किटली घेऊन आला. त्यानं पायाला हात लावला आणि किटली खाली ठेवली. "वकीलसाब," तो म्हणाला, "अब चुप हो जाओ."

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, अर्धा तास तरी झाला असेल. अर्धा तास! म्हणजे मी आलो तेव्हाच तो माणूस गेलेला होता, आणि मी त्याला चिडवत होतो. महिना होत आला, पण अमरावतीच्या कोर्टात उभा राहिलो की माझं वाक्य अर्ध्यात तुटतं. माझं बोलणं कधी तुटलेलं वऱ्हाडात कुणी ऐकलं नव्हतं.

मोटार मी एका कापसाच्या जिनवाल्या शेठजीकडून घेतली. आमचं वऱ्हाड महाराष्ट्रात आलं तरी तिच्यावर नंबर अजून मध्यप्रदेशचा. पळायची अशी, की बोरगावला वाजवलेला हॉर्न मला मूर्तिजापूरला पोचल्यावर ऐकू यायचा. एकदा कुरूमजवळ इंजिन नुसतं गर्जायला लागलं आणि मोटार जागची हलेना. शेवटी बैलजोडी लावून अकोल्याला आणली. बैलांनाही लाज वाटत होती, ते सारखे मागे वळून पाहत होते. गुलाबराव अंजनगावकडचे, घरची काळी जमीन भावावर सोपवून इंजिनांच्या मागे लागलेले. त्यांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही, नुसता वास घेतला.

"क्लच प्लेट जळाली. पाय पेडलवर टेकवूनच चालवता न?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचा डावा पाय तुमच्या जिभेसारखा हाये, सायेब. काम नसलं तरी हलून रायते."

नवी प्लेट मुंबईहून रेल्वे पार्सलनं आली. ती बरोबर मध्यावर बसली नाही, केसभर जरी सरकली, तरी गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही. तिला मध्यावर धरून ठेवायचं विलायती हत्यार आख्ख्या वऱ्हाडात नव्हतं. गुलाबराव उठले, मागच्याच घरात गेले आणि स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन आले. त्याच्या टोकाला कापडाची पट्टी गुंडाळली, प्लेटच्या भोकात घातलं, बोल्ट आवळले, लाटणं उपसलं. मागून वहिनी ओरडत आल्या, "काहूनजी, पोया का तुमच्या मोटारीनं लाटू?" संध्याकाळी त्याच लाटण्याच्या पोळ्या मी खाल्ल्या. ग्रीसचा वास होता. सात खाल्ल्या.

यंदा प्लेट पुन्हा जळाली, माझ्याच पायानं. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत पॅसेंजरला हरवीन, अशी कोर्टाच्या बाररूममध्ये वकिलांशी पैज मारली होती मी. गुलाबराव म्हणाले, "दोन दिवस द्या, छातीत दुखून रायलं." मी म्हटलं, "गाडी दोन दिवस थांबते का?" हे मी बाररूममध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही...

गुलाबरावांचे दिवस झाल्यावर रहीमभाईनं मोटारीत डोकं घातलं. सगळे बोल्ट आवळलेले होते. लाटणं तसंच आत, फक्त उपसायचं राहिलेलं. त्यानं ते काढून माझ्या हातात दिलं आणि गिअरबॉक्स ढकलला. तुपात बोट जावं तसा दांडा पहिल्याच झटक्यात आत गेला. रहीमभाई तिथेच खाली बसून रडला.

मी लाटणं घेऊन मागच्या घरी गेलो. वहिनी चुलीपाशी होत्या. मी सगळं सांगितलं. पैज, छातीतलं दुखणं, दोन दिवस, आणि ते टोमणेसुद्धा, शब्दन् शब्द. आयुष्यात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता सांगितलं. म्हटलं, वहिनी, शिव्या द्या, हाकलून द्या, पण काही तरी बोला.

त्यांनी लाटण्यावरची पट्टी सोडवली, टोक पदरानं पुसलं.

"बरं झालं आणलं," त्या म्हणाल्या. "इतके दिवस भाकरीच थापून रायली मी."