तुला, रशिया

रिव्हॉल्व्हरच्या डाव्या अंगाला रशियन अक्षरांत काहीतरी कोरलेलं होतं. मी त्यावरून बोट फिरवलं आणि इथे काय लिहिलंय, असं म्हाताऱ्या डेंटिस्टला विचारलं. तो म्हणाला, "तुला."

न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या मागच्या दरीतली शूटिंग रेंज, अंगावर येणारा वारा, आणि सत्तरी ओलांडलेला एक गोरा माणूस माझ्या हातात शंभर वर्षांपूर्वीचं रिव्हॉल्व्हर देऊन चक्क मराठीत म्हणतो, तुला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला?"

मग त्याने समजावून सांगितलं. तुला हे रशियातलं शहर. तिथे झारच्या काळापासून बंदुकांचा कारखाना होता आणि हे रिव्हॉल्व्हर त्या कारखान्यातलं. मीही त्याला माझ्या भाषेतला अर्थ सांगितला. कुणाला काही देताना आम्ही म्हणतो, घे, हे तुला. तो इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यानंतर दर रविवारी ते रिव्हॉल्व्हर माझ्या हातात ठेवताना तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "तुला." मीही तितक्याच गंभीरपणे म्हणायचो, "मला? थँक्यू."

ही २०१४ ची गोष्ट. मी वाशीमकडच्या एका लहान गावातून आलेला. घरात पदवी घेणारा पहिलाच. क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागात खोली करून राहिलो, तिथेच पुढचं शिक्षण केलं आणि वेलिंग्टनला नोकरी लागली तसा लोअर हटला आलो. या देशाने मला पुष्कळ दिलं, ते मी विसरत नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला एकदा त्या नेमबाजीच्या क्लबात नेलं, तोपर्यंत जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीपलीकडे मी कशाला हात लावला नव्हता. पण त्या डेंटिस्टने पहिल्याच दिवशी माझे खांदे धरून मला सरळ उभं केलं आणि श्वास कधी सोडायचा ते सांगितलं. गावाकडचे आमचे गणिताचे सर फळ्यासमोर असेच खांदे धरून उभं करायचे. मला तो माणूस आवडून गेला.

तो फक्त रशियन लष्करी रिव्हॉल्व्हरं जमवायचा. त्यातली दोन त्याची विशेष लाडकी होती. बाहेरून दोन्ही सारखीच, सात गोळ्यांची. काडतुसातलं शिसं बाहेरून दिसतच नाही, पितळेच्या नळीत ते खोल आत बसलेलं असतं. घोडा मागे ओढला की गोळ्यांचं चक्र पुढे सरकून रिव्हॉल्व्हरच्या नळीला घट्ट चिकटतं. फरक एवढाच की एक रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्यांसाठी बनवलेलं आणि दुसरं शिपायांसाठी. अधिकाऱ्याने नुसता चाप ओढला तरी गोळी सुटायची. शिपायाला मात्र प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागायचा. डेंटिस्ट म्हणायचा, शिपायाने घाईघाईत काडतुसं उडवू नयेत, अशी वरच्यांची इच्छा.

माझे वडील तहसील कचेरीत शिपाई होते. लष्करातला शिपाई आणि कचेरीतला शिपाई यांना आपल्याकडे एकच शब्द आहे, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. शिपायाचं रिव्हॉल्व्हर त्याने माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, मग यावर आधी तूच हात बसव. त्या दिवसापासून ते मनातल्या मनात माझं झालं. इतक्या मनापासून मी याआधी कुठली वस्तू मागितली नव्हती. आणि तीसुद्धा मी तोंडाने मागितली नाहीच.

पुण्याच्या एका मित्राला तिथे मीच घेऊन गेलो. आम्ही सकाळी एकाच ट्रेनने वेलिंग्टनला जायचो. तो आयटीत होता आणि लोअर हटला त्याचं स्वतःचं घर होतं. माणूस स्वभावाने चांगला, हे मला आधीच लिहून टाकायला हवं, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात ते दिसणार नाही. कॉलेजात असताना तो एनसीसीत होता, त्यामुळे उभं राहण्यापासून त्याला काहीच शिकवावं लागलं नाही. डेंटिस्टने त्याच्या खांद्यांना हात लावला नाही, तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं.

ते समाधान फार टिकलं नाही. मित्राने फोनवर बघून रशियन अक्षरं पाठ केली आणि पुढच्या रविवारी रिव्हॉल्व्हरवरची सगळी ओळ घडाघडा वाचून दाखवली. मी इतके महिने ती नुसती बोटाने चाचपत होतो. मग तो बायकोने केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा आणू लागला. डेंटिस्टच्या गॅरेजमध्ये रिव्हॉल्व्हरं साफ करायला आता आम्ही दोघं जायचो. तिथे खिडकीपाशी एक स्टूल होतं, त्यावर मी बसत असे. मित्र पहिल्याच दिवशी त्यावर बसला. ते कुणाचं स्टूल आहे हे त्याला कुठून कळणार, पण मला ते दिवसभर डाचत राहिलं. दात तपासायचा छोटा आरसा घालून डेंटिस्ट रिव्हॉल्व्हरच्या चक्रातली घरं बघायचा. तो आरसा धरायचं काम माझं होतं. एके दिवशी मी चहाचे कप आत ठेवून परत आलो तर आरसा मित्राच्या हातात. दोघं डोक्याला डोकं लावून आत बघत होते आणि मित्र म्हणत होता, "रूट कॅनल करावं लागणार." डेंटिस्टला हसू आवरेना. मी इतक्या महिन्यांत त्याला दातांवरून एकदाही हसवलं नव्हतं.

एका रविवारी मला ऑफिसचं काम आलं आणि मी जाऊ शकलो नाही. सोमवारी ट्रेनमध्ये मित्र खुशीत होता. "अरे, तुझ्या त्या म्हाताऱ्याला तू अर्धवट मराठी शिकवलंयस. मी काल त्याला तुला आणि तुम्हाला यातला फरक समजावला. मान द्यायचा असला की तुम्हाला म्हणायचं."

मी विचारलं, "मग तो काय म्हणाला?"

"स्वीट ॲज म्हणाला," म्हणजे इथल्या बोलीत झकास, एवढं सांगून तो फोनमध्ये गुंतला.

पुढच्या रविवारी डेंटिस्टने अधिकाऱ्याचं रिव्हॉल्व्हर मित्राच्या हातात दिलं आणि जीभ जपून वळवत म्हणाला, "तुम्हाला." मग माझ्याकडे वळला, शिपायाचं पुढे केलं आणि नेहमीसारखाच म्हणाला, "तुला."

मी थँक्यू म्हणालो, पण "मला?" म्हणालो नाही. त्या दिवशी माझी एकही गोळी काळ्या वर्तुळात गेली नाही.

हे मला का लागलं ते कोकणातल्या, पुण्यातल्या, कुठल्याही मराठी माणसाला सांगावं लागणार नाही. वडिलांना कचेरीत सगळे तू म्हणत. त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान कारकूनसुद्धा त्यांना पाणी आण रे म्हणायचा. मी शाळेतून कचेरीत जायचो तेव्हा हे ऐकायचो. मित्राने त्या म्हाताऱ्याला मान शिकवला आणि तो स्वतःसाठी ठेवून घेतला, असं माझ्या मनाने धरलं. साहेबाचं रिव्हॉल्व्हर आणि तुम्हाला त्याला. शिपायाचं रिव्हॉल्व्हर आणि तुला मला. दोघांशीही मी पूर्वीसारखाच बोलत राहिलो. कुणाला काही कळलं नसेल. शिसं आत होतं.

मग २०१६ च्या हिवाळ्यात डेंटिस्टने सांगितलं की तो नेल्सनला मुलीकडे राहायला जाणार. गुडघे थकले होते आणि तिकडच्या घरात तिजोरी ठेवायला जावई तयार नव्हता. बाकीचा संग्रह त्याने क्लबातल्या जुन्या मंडळींत वाटून टाकला, अधिकाऱ्याचं रिव्हॉल्व्हरसुद्धा त्यातच गेलं. शिपायाचं तेवढं राहिलं. गॅरेजमध्ये त्याने मलाच आधी विचारलं. रिव्हॉल्व्हर मांडीवर ठेवून त्याने विचारलं, तुझ्याकडे तिजोरी बसवता येईल का?

न्यूझीलंडमध्ये पिस्तूल घरी ठेवायचं तर क्लबची हजेरी लागते, पोलीस घरी येऊन चौकशी करतात आणि बोल्टने पक्की बसवलेली तिजोरी त्यांना दाखवावी लागते. मी भाड्याच्या घरात राहत होतो. घरमालकीण भली बाई होती, पण भिंतीला खिळा मारायचा तरी तिला ईमेल करावी लागे. तरीही मी तिला विचारलं. तिने सभ्य शब्दांत नाही म्हणून कळवलं. मी दुसरं घर शोधलं, पण पिस्तुलाचं नाव काढलं की एजंट पुढचा फोनच घेत नसे.

मित्राच्या गॅरेजला काँक्रीटची जमीन होती. त्याचा परवानाही तोपर्यंत झाला होता. त्याने मला विचारलं, "घेऊ का? तू नको म्हणालास तर नाही घेणार." असं विचारल्यावर माणूस काय म्हणणार. मी म्हणालो, घे ना, हीप्स ऑफ जागा आहे तुझ्याकडे.

डेंटिस्ट निघायच्या आधीच्या रविवारी रेंजवर आला. त्याने रिव्हॉल्व्हर मित्राच्या हातात दिलं, "तुम्हाला" म्हणाला आणि त्याच्याशी हस्तांदोलन केलं. मग माझ्याकडे आला. द्यायला हातात काही नव्हतं. त्याने पहिल्या दिवसासारखे माझे दोन्ही खांदे धरले आणि मला सरळ उभं केलं. मग गाडीत जाऊन बसला.

त्यानंतरही आम्ही दोघं रविवारी जात राहिलो. मित्र आधी मला नेम धरू द्यायचा. त्याला स्वतःला ते रिव्हॉल्व्हर कधी जमलं नाही, दर वेळी घोडा ओढायचा त्याला कंटाळा यायचा. एका रविवारी माझ्या सातही गोळ्या काळ्यात गेल्या. मी रिकाम्या नळ्या एकेक करून बाहेर ढकलत होतो. तो टार्गेटकडे बघत उभा होता. मग म्हणाला, "एक सांगू? माझा मूर्खपणा झाला."

"कसला?"

"त्या म्हाताऱ्याला मी दोन्ही शब्द शिकवले ना. त्याला सांगितलं होतं, मान द्यायच्या माणसाला तुम्हाला, आणि आपल्या माणसाला तुला. म्हटलं, आता कुणाला काय म्हणायचं ते तू बघ. दोन वर्षं मला तुम्हाला, तुम्हाला करत राहिला, यार. डबाभर शंकरपाळे खाऊन. जाईपर्यंत एकदा तरी तुला म्हणेल असं वाटलं होतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. माझ्या हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे तो ज्या नजरेने बघत होता ती नजर मला चांगली ओळखीची होती. गेली दोन वर्षं ती मीच वापरत होतो.

त्याची समजूत काढायला हवी होती. तो मनात काही ठेवणाऱ्यांतला नव्हता, म्हणून तर बोलला. पण मला इतकं बरं वाटत होतं की मी गप्पच राहिलो. रिव्हॉल्व्हर पुसलं, घोडा हळूच खाली सोडला आणि त्याच्यापुढे केलं. "घे," मी म्हणालो, आणि पुढचा शब्द उच्चारला नाही.

त्याने ते पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं आणि ती गाडीत ठेवली. जाताना त्याने मला माझ्या भाड्याच्या घरापाशी सोडलं आणि पुढे गेला, त्याच्या काँक्रीटच्या गॅरेजकडे.