नुंगंबाक्कममार्गे इजिप्त

समोरच्याचं ‘नाही’ ऐकू न येणं हा जर आजार असेल, तर आमच्या घरमालकीणबाईंना तो जन्मापासून होता आणि त्यावर औषध घ्यायची त्यांची बिलकूल तयारी नव्हती. निवृत्त शिक्षिका, अविवाहित, पक्क्या कॅथलिक. मद्रासच्या नुंगंबाक्कम भागात दूधवाल्यापासून चर्चच्या फादरपर्यंत सगळे त्यांना ‘टीचर’ म्हणत आणि वचकून असत. रविवारी प्रवचन लांबलं की त्या पहिल्या बाकावरून मनगटावरचं घड्याळ उंच धरत आणि फादर खरोखरच आवरतं घेत.

नाताळ संपला की लोक येशूजन्माच्या देखाव्यातल्या मूर्ती कापसात गुंडाळून ठेवतात. टीचर मात्र योसेफ, मरिया, बाळ आणि गाढव यांना वर्षभर घरात फिरवत असत. आज शिलाई मशीनवर, उद्या फ्रिजवर. मला त्या ‘राव’ म्हणत. “बाळाच्या जिवावर उठलेल्या राजाच्या भीतीनं पळालेत, राव. इजिप्तला पोचेपर्यंत कोणीतरी जागा द्यायला नको का?” एका जून महिन्यात हे बिऱ्हाड माझ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर दिसलं. मी तंजावरचा मराठी, वरच्या मजल्यावरचा एकटा भाडेकरू, खोल्या दोन. मला काय ते समजलं. संध्याकाळी श्रीलंकेतून जीव वाचवून आलेली एक तमिळ आजी आणि तिची चौदा वर्षांची नात माझ्या पुढच्या खोलीत राहायला आल्या. मुलीचे आईवडील तिकडेच राहिले होते. पोलिसांतली नोंद टीचरनी आधीच उरकली होती; मला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

“टीचर, असे किती लोक येणार?” मी कुरकुरलो.

“तुमचे पूर्वज तंजावरला आले ते घोड्यांवरून, तलवारी घेऊन. तरी राहिलातच ना? ही म्हातारी एक पिशवी घेऊन आलीय.” मी निमूटपणे माझी ट्रंक मागच्या खोलीत ओढली.

खरी लढाई पुढेच होती. मुलीची तिकडची शाळा जळली होती, त्यामुळे दाखला नाही. आणि दाखल्याशिवाय इथली चर्चची शाळा तिला नववीत घेईना. वर्ष गेलं तर पोर घरातच बसणार, हे उघड होतं. फादर स्वभावानं गरीब. त्यांनी वाट सुचवली: मुलीला बाप्तिस्मा द्यावा, चर्चचा कागद मिळेल, कॅथलिक मुलींच्या जागेत नाव घालता येईल. आजी बिचारी लगेच हात जोडून तयार झाली. टीचर मात्र भडकल्या.

“पोर तिच्या मुरुगनसकट आलीय, फादर. ती शाळा मागतेय, देव नाही. परक्याला घरात घ्या, एवढंच आपल्याला सांगितलंय. आधी त्याला बदला, असं कुठे लिहिलंय?”

दुसऱ्या दिवसापासून टीचर घडीची खुर्ची घेऊन शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापिकांच्या खिडकीखाली बसू लागल्या आणि मुलीला खणखणीत आवाजात बीजगणित शिकवू लागल्या. मुख्याध्यापिका सिस्टर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. “सिस्टर, तुम्ही इथेच चुकायचात, आठवतं?” असं खिडकीतून विचारणंही झालं. आठव्या दिवशी सिस्टरनी हात टेकले. मुलीची परीक्षा घेतली. ती उत्तम उतरली, आणि एकदाचा फॉर्म पुढे आला.

साक्षीदार म्हणून मी शेजारी होतो. स्थानिक पालक या रकान्यात टीचरनी स्वतःचं नाव लिहिलं. पुढचा रकाना नात्याचा. तिथे त्यांचं पेन थांबलं. कागदावर खोटं लिहिणं त्यांना जमत नसे. सबंध मद्रासला उत्तरं देणारी बाई त्या चार बोटांच्या जागेपाशी अडली. तेव्हा आठ दिवसांत गणिताखेरीज काही न बोललेली ती मुलगी वाकली आणि हळूच म्हणाली, “पेरियम्मा.” म्हणजे आईची थोरली बहीण. टीचरनी ते सावकाश लिहिलं, चष्मा काढून पुसला आणि “ऊन फार आहे,” म्हणाल्या. आम्ही सावलीत होतो.

टीचर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्यांच्या माडीवर अकरा वर्षं राहिलो, तापात त्यांच्या हातची पेज प्यालो, वेळोवेळी बोलणी खाल्ली. मलाही त्यांना काहीतरी नात्यानं हाक मारता आली असती. मी आपला शेवटपर्यंत टीचरच म्हणत राहिलो.