साहेबांसमोर डावीकडे जाणारी गाडी

गाडी सुटली ती थेट डावीकडे वळली आणि हळदीकुंकवाच्या तबकात घुसली. तबक उलटलं. नारळ गडगडत साहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबला.

"मांडवकर, हे तिसऱ्यांदा," साहेब म्हणाले.

मला ते माहीत होतं. वार्षिक कार्यक्रमाची तालीम दर शनिवारी पूजेसकट व्हायची, आणि आधीच्या दोन्ही शनिवारी कुंकू मीच पुसलं होतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, रत्नागिरीतल्या एका लहानशा तांत्रिक संस्थेतली. मी तिथे तात्पुरता इन्स्ट्रक्टर होतो. त्याआधी नऊ वर्षं मुंबईत एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून काढली. गावातल्या आठ जणांबरोबर एका खोलीत राहायचो आणि बायको-मुलं इकडे भाट्याला. शेवटी कंटाळून परत आलो. आमचे प्राचार्य, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "वार्षिक कार्यक्रमात तुमची गाडी चालली तर जागा कायम करा असं मी कार्यकारिणीला ठासून सांगेन. नाही चालली तर जूनमध्ये तुमची मुदत संपेल तेव्हा मी त्यांना काय दाखवू?"

म्हणजे गाडी डावीकडे गेली की मी मुंबईला जाणार होतो.

गाडी बिस्किटाच्या डब्याएवढी. टेपरेकॉर्डरच्या दोन मोटारी, दोन्ही बाजूंना एकेक चाक, पोटाखाली उजेड ओळखणारे दोन सेन्सर. फरशीवर चिकटवलेली पांढरी पट्टी बघत तिने वळणं घेत हॉलभर फिरायचं. आज शाळेतली पोरं असले रोबोट सुट्टीत करतात. तेव्हा आमच्याकडे मायक्रोप्रोसेसर फक्त पुस्तकात होता. गाडीचं सगळं डोकं म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एसटीच्या पार्सलने मागवलेल्या चार आयसी आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर.

या डोक्याला पीआयडी कंट्रोलर म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. 'पी' बघतो की गाडी आत्ता पट्टीपासून किती लांब आहे, आणि तेवढ्याच जोराने तिला वळवतो. तो एकटा असला की गाडी पट्टी ओलांडून पलीकडे जाते, मग अलीकडे येते, आणि सारखी झुलत राहते. 'डी' बघतो की ती पट्टीकडे किती वेगाने चालली आहे, आणि वेळेआधीच तिला आवरतो. राहिला 'आय'. माझ्या गाडीची उजवी मोटर जरा सुस्त होती. त्यामुळे गाडी पट्टीच्या कायम बोटभर उजवीकडे चालायची. एवढ्याशा चुकीची 'पी' फारशी दखल घेत नाही. 'आय' मात्र ती चूक एका कपॅसिटरमध्ये साठवत जातो, आणि साठत गेली की त्याचा जोर वाढत जातो. शेवटी तो गाडीला डावीकडे ढकलून पट्टीवर आणतो.

तिघांचं प्रमाण जमवायला मला महिना लागला. स्क्रूड्रायव्हरने एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, गाडी सोडायची, वहीत लिहायचं. जमलं तेव्हा गाडी देखणी चालायला लागली. एकट्याने सोडली की वीसच्या वीस वेळा बरोबर. साहेब समोर आले की डावीकडे.

मी बॅटरी बदलली. खिडक्यांना कागद लावले, उन्हामुळे सेन्सर फसत असतील म्हणून. साहेबांच्या बुटांनी फरशी हादरते का तेही पाहिलं, त्यासाठी शिपायाला तिथे उड्या मारायला लावल्या. काही फरक नाही. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, गाडीची दृष्ट काढा. घरी जेवताना मी ताटातल्या भातातून बोटाने गाडीचा रस्ता काढत बसलो होतो. बायको म्हणाली, "तो भात खायचा आहे." मी तिच्यावर खेकसलो. त्या दिवसांत मी सगळ्यांवर खेकसत होतो, फक्त साहेबांसमोर "हो सर" म्हणत होतो.

रविवारी सकाळी हॉल उघडून पुन्हा बसलो. वर्कशॉपचे फिटर कासमभाई सोबतीला आले. वीस वर्षं जहाजावर इंजिनखात्यात काढून आलेला माणूस, बोलणं कमी. मी गाडी सोडत होतो आणि ती मुकाट पट्टीवरून जात होती. कासमभाई विडी न पेटवता तशीच बोटांत धरून बघत राहिले.

"मास्तर, रागवू नका तर सांगतो."

"सांगा."

"आता तुमी गाडी ठेवताय आणि लगेच सोडताय. सायेब असले की तसं नाय करत. धरून ऱ्हाता."

"धरायला लागते. पूजा असते, नारळ असतो, साहेब चार शब्द बोलतात."

"तेच तर म्हणतोय. आज पण धरा की."

मी म्हटलं, बरं, तुम्ही साहेब व्हा. 'आय'च्या भागाला मीटर जोडला आणि शनिवारी करतो तसं सगळं केलं. मोटारीचा स्विच बंद. सर्किटचा स्विच चालू, कारण गाडीवरचा लाल दिवा त्याच वायरीवर होता. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दिवा लावून ठेवा, हार घालताना बरं दिसतं." साहेबांकडे पाठ नको म्हणून मी नेहमी तिरका बसायचो. तसाच बसलो. गाडी हाताबरोबर बोटभर उजवीकडे सरकली.

कासमभाईंनी घसा खाकरला. "आपल्या संस्थेच्या उज्ज्वल परंपरेत..." हुबेहूब साहेब. मला हसू यायच्या आत मीटरचा काटा हलला. एक व्होल्ट. दोन. कासमभाई संस्थापकांच्या त्यागावर आले तेव्हा काटा पाचावर होता. आभाराला नऊवर जाऊन टेकला.

"आता सोडा," ते म्हणाले.

गाडी डावीकडे गेली आणि भिंतीवर आदळली.

मी तिथेच फरशीवर बसून राहिलो. गाडी हातात अडकली होती, पट्टीपासून बोटभर बाजूला. 'आय'ला वाटत होतं की आपण ढकलतोय तरी चूक जात नाही. म्हणून तो साठवत राहिला. मोकळी झाल्यावर पहिल्या झटक्यात ते सगळं बाहेर आलं. आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटली. कारखान्यात कुठलाही व्हॉल्व्ह थांबवायचा असला की आम्ही आधी कंट्रोलर मॅन्युअलवर, म्हणजे हातच्या ताब्यावर, टाकायचो, ते याचसाठी. नऊ वर्षं हाताने केलेली गोष्ट मी इथे विसरलो नव्हतो. दिवा लावा म्हटल्यावर मनात शंका आली होती. मी ती गिळली होती.

दिव्याची वायर वेगळी केली असती तरी त्या दिवसापुरतं भागलं असतं. पण वाटेत कुणाचा पाय आडवा आला तरी हेच होणार. म्हणून कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये दारावरच्या बेलचं बटण बसवलं. बटण दाबून धरलं की काही साठत नाही आणि साठलेलंही निघून जातं; गाडी वाटेत अडली तर ते दाबून पुन्हा सोडायची.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे साहेबांपेक्षा जास्त बोलले. गाडीला हार, दिवा चालू, माझा अंगठा बटणावर. अंगठा आधी दुखला, मग बधिर झाला. नारळ फुटला. मी अंगठा उचलला आणि मोटारीचा स्विच दाबला. गाडी पट्टीवरून निघाली, सगळी वळणं घेऊन स्टेजपाशी थांबली. टाळ्या पडल्या.

नंतर ऑफिसात साहेब म्हणाले, "छान झालं. दिवा मात्र जरा मोठा हवा होता."

एवढंच म्हणाले. आणि मी सुटलो. त्या दिव्यानेच तीन शनिवार वाया गेले, इथपासून सुरुवात केली. मग नारळ, भाषणं, नाकारलेली रजा, तात्पुरत्या माणसाला दिलेली सगळी वरकड कामं. दिव्याशी संबंध नसलेलंही बरंच बोललो. आवाज व्हरांड्यात जात होता. बाहेरून कासमभाईंनी दार ओढून घेतलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दिव्यासाठी सर्किट चालू ठेवणं बरं नाही, ही शंका तुम्हाला कधी आली?"

"पहिल्याच दिवशी."

"मग पहिल्याच दिवशी बोलला असतात तर मी तुम्हाला खाल्लं असतं का?"

"तात्पुरता होतो सर," एवढंच म्हणालो. साहेबांनी चहा मागवला.

जागा कायम झाल्याचं पत्र जूनमध्ये आलं. त्यानंतर बावीस वर्षं शिकवलं. यंत्र बिघडलं की विद्यार्थी सांगत यायचे, सर, चालू केल्याबरोबर असं झालं. मी त्यांना विचारायचो, चालू करण्याआधी तुम्ही ते किती वेळ धरून ठेवलं होतं?