उभा रुपया

डाळजचा सोपान इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात एकोणीस हंगाम फिटर होता, आणि एकोणीसही हंगाम हंगामीच. मशीन दुरुस्त झालं की त्याची परीक्षा ठरलेली. खिशातला रुपया कडेवर उभा करून तो चालू मोटारीच्या पाठीवर ठेवायचा. रुपया उभा राहिला की म्हणायचा, "झोपलं लेकरू."

यंदा फिटरची एक जागा कायम होणार होती. यादीत पहिलं नाव सोपानचं. चीफ इंजिनियर हिंदुरावांनीच तसं सांगितलं होतं, आणि घरी त्याच्या बायकोनं, सिंधुबाईनं, ते अर्ध्या गावाला सांगून टाकलं होतं.

गेल्या हंगामाच्या शेवटी बारामतीहून यशराज नावाचा तरुण इंजिनियर मशीनवर सेन्सर बसवायला आला. त्यानं सोपानला विचारलं, "तात्या, सगळ्यात जास्त थरथरतंय कोण?"

"दोन नंबरचा रसपंप. हीव भरल्यागत कापतोय."

यशराजनं ती थरथर मोजून लॅपटॉपमध्ये भरली आणि पडद्यावर तसाच पंप उभा केला. पंपावर बोटभर लांबीची पत्र्याची पट्टी, पट्टीच्या टोकाला वजन. पंप हलला की पट्टी डोलणार, तिच्या डोलण्यातून चिमूटभर वीज होणार आणि त्या विजेवर पंपाची थरथर मोजणारा सेन्सर चालणार. ना वायर, ना सेल. पट्टी किती जाड, वजन किती, हे तो तीन महिने पडद्यावरच घासूनपुसून ठरवत होता.

"आमचा पंप टीव्हीत आला गं," सोपान घरी म्हणाला.

पावसाळ्यात कारखाना बंद. तेव्हा मशीनं खोलायची, ही सोपानची दर वर्षाची रीत. दोन नंबरच्या पंपाखालचे दोन बोल्ट त्याला सैल सापडले. त्यानं पाया फोडला, नवा भरला, बोल्ट आवळले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. फिटरला ते सांगावं लागतं का?

हंगाम सुरू झाला. संचालक मंडळ सेन्सर बघायला आलं. पंप चालू झाला, पण पडदा कोराच. यशराजनं पंपाला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. "हा हलतच नाहीये."

"कुणी हात घातला ह्याला?" हिंदुराव ओरडले.

सोपान शाबासकी घ्यायलाच पुढं झाला. "म्याच, साहेब. बघा की, रुपया उभा ऱ्हातोय!" आणि त्यानं खरंच उभा करून दाखवला. संचालक पोट धरून हसले.

"अरे," हिंदुराव म्हणाले, "त्या पट्टीचं जेवणच काढून घेतलंस तू! सैल कर."

"यशराजसाहेब, पट्टीच बदला की."

"निवांत पंपातून काही निघतच नाही, तात्या. सगळं गणित थरथरत्या पंपावर बांधलंय."

यादी हिंदुरावांच्या खिशात होती. सोपाननं पाना घेतला. दोन बोल्ट, दीड-दीड आटा सैल. रुपया घरंगळून खाली पडला, पडद्यावर आकडे उमटले, आणि टाळ्या वाजल्या.

चाळीस दिवस पंप कापत राहिला. सोपान रोज जाऊन सांगायचा, "साहेब, बेअरिंग वरडतंय." हिंदुराव म्हणायचे, "सेन्सर बघतोय न्हवं? तू कशाला बघतोस?" एक्केचाळिसाव्या दिवशी शाफ्ट तुटला. गाळप अकरा तास बंद.

चौकशीत हिंदुरावांनी सेन्सरचा कागद टेबलावर ठेवला. दर दहा मिनिटांची थरथर त्यात होती. बोल्ट सैल, फिटर सोपान.

"साहेब, तुमीच तर सैल कर म्हणाला!"

"लेखी हाय का?"

सोपाननं यशराजकडं पाहिलं. त्या पोराला सगळं ठाऊक होतं. त्यानं चष्मा पुसला. "आकडे बरोबर आहेत," तो म्हणाला. तेवढंच बोलला.

आकडे खरे ठरले म्हणून कारखान्यानं आणखी चाळीस सेन्सर मागवले. यादीतून सोपानचं नाव गेलं आणि गेटपासही गेला. पण नवा पंप नीट बसवणारा दुसरा कुणी नव्हता. "तेवढा बसवून दे," हिंदुराव म्हणाले, "मग अनुभवाचा दाखला घेऊन जा." दाखल्याशिवाय दुसरा कारखाना दारात उभं करत नाही.

सोपाननं दोन दिवस खपून पंप बसवला. चालू करून रुपया ठेवला. उभा राहिला. तो कितीतरी वेळ बघत बसला.

"झालं कवतिक?" मागून हिंदुराव म्हणाले. "आता दीड आटा सैल कर."

"लेखी द्या, साहेब."

"बोल्टाला कसलं लेखी? दाखला पायजे न्हवं?"

सोपाननं पाना लावला. रुपया थरथरला, आडवा झाला आणि घरंगळत रसाच्या गटारीत गेला.

"ह्या वेळी कसा," हिंदुराव दाखल्यावर सही करत म्हणाले, "सांगितल्यावर लगेच शहाणा झालास."

दाखल्यावर शेरा होता: काम समाधानकारक नाही.